अपियोचं पाचवं प्रकरण

पाचवं प्रकरण काढून टाका, असा निरोप केनियाहून आला तेव्हा पुस्तकाची पानं लावून झाली होती. छापखान्यात फाइल द्यायची तेवढी बाकी होती.

निरोप अकिन्यीनं फोनवर सांगितला. मी कासारवाडीत माझ्या घरी डोळ्यांत औषधाचे थेंब घालून पडले होते. डोळे मिटूनच फोन घेतला.

"ताई, दादा म्हनतो पाचवं न्हाई पायजे. छापायचंच आसंल तर माझं नाव काढ, आईचं काढ, गावाचं बी काढ."

"मग उरतं काय?"

"मासं," ती म्हणाली. "तळ्यातलं मासं उरत्यात."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी फक्त विचारलं, "त्यांनी वाचलंय का ते प्रकरण?"

"न्हाई. वाचनार बी न्हाई म्हनतो."

अकिन्यीचं मराठी असं कुरुळीचं आहे. ती केनियातल्या लुओ समाजाची. इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आली, चाकणच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीत लागली आणि तिथल्याच प्रवीणशी लग्न करून कुरुळीत राहिली. सप्लायर क्वालिटी म्हणजे बाहेरून बनून येणारे पार्ट नीट आहेत की नाहीत ते बघायचं. दिवसभर लोकांना 'हे चालणार नाही' असं सांगायचं काम. भाषा मात्र तिनं कंपनीत नाही, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात उचलली. त्यामुळे पार्ट रिजेक्ट करतानाही ती 'ह्ये न्हाई चालनार भाऊ' म्हणते आणि समोरचा सप्लायर एकदम वरमतो.

मी त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कंपनीतून रिटायर झाले. डॉक्युमेंटेशन खात्यात होते. मशीनबरोबर इंग्रजी मॅन्युअल येतात, ती मराठीत आणायची. हात कुठं घालू नये, कुठलं बटण आधी दाबावं, तेल कधी बदलावं. इतकी वर्षं मी लोकांची बोटं शाबूत राहावीत म्हणून लिहिलं. रिटायर झाल्यावरही ओळखीतून कामं येत राहिली, आणि अकिन्यी अशीच ओळखीतून आली.

तिची मुलगी अनया प्राथमिक शाळेत. वर्गात 'माझे आजी-आजोबा' या विषयावर लिहायला सांगितलं होतं. कुरुळीच्या आजीवर पोरीनं पानंच्या पानं लिहिली. केनियाच्या आजीवर एक ओळ: ती लांब राहते. ते वाचून वर्गातल्या कोणीतरी विचारलं, तिकडे घरं असतात का? अनयाला उत्तर माहीत नव्हतं. ती घरी येऊन आईला विचारायला लागली. अकिन्यी मला म्हणाली, "माझ्या पोरीला म्हाईत न्हाई माझ्या आईला घर हाय का न्हाई. मी काय केलं मग इतकी वर्सं?"

तिनं आईला, म्हणजे अपियोला, फोनवर आवाजी मेसेज पाठवायला सांगितलं. अपियो हे नाव जुळ्यांतल्या आधी जन्मलेल्या मुलीचं. लुओ लोकांत नावावरून बरंच कळतं. अकिन्यी म्हणजे सकाळी जन्मलेली. तिचा मोठा भाऊ ओच्येंग, म्हणजे उन्हं वर आल्यावर जन्मलेला. अपियो तिच्या भाषेत बोलायची, मागे कोंबडे ओरडत असायचे. अकिन्यी ते ऐकून इंग्रजीत लिहायची आणि मी मराठीत आणायचे. थोडक्यात, बाईचं बोलणं दोन गाळण्यांतून जायचं.

"इंग्रजीतच का नाही ठेवत?" मी सुरुवातीलाच विचारलं होतं. "अनयाला येतं की."

"अनयाला येतं. तिच्या कुरुळीच्या आजीला न्हाई येत. आन् घरात कुनाला काय सांगायचं ते आजीच सांगती."

मी काम घेतलं.

पहिली चार प्रकरणं सरळ गेली. नावं कशी ठेवतात. तळ्याकाठचं गाव. म्हाताऱ्या बाईचं ते घर, जिथं मुली रात्री झोपायला जायच्या आणि गोष्टी ऐकायच्या. मासे कसे वाळवायचे. शब्दांची भांडणं झाली, पण ती रोजचीच. पाचव्यात आल्यावर आम्ही दोघी थांबलो.

पाचव्यात अपियोचा नवरा वारतो. लुओ लोकांत माणसाला त्याच्याच अंगणात पुरतात. मी पहिल्या खर्ड्यात 'विधवा' लिहिलं. अकिन्यीनं त्यावर बोट ठेवलं.

"ह्यो शब्द न्हाई. आमच्यात नवरा गेला तरी बाई त्याचीच ऱ्हाते. शब्दच तसा हाय. ची लिएल. कबरीची बायको."

मी 'कबरीची बायको' ठेवलं. वाचायला खडबडीत वाटतं, पण मूळ तसंच आहे.

पुढे रीत येते. नवरा गेल्यावर त्याच्या भावकीतला एक पुरुष त्या बाईला आपलंसं करतो. तिची शेती, तिची पोरं, घराचं छप्पर, सगळ्याला मग त्याचा आधार. अकिन्यीनं मला दोनदा बजावलं की हे असं लिहू नका की वाचणारा म्हणेल, तिकडची माणसं रानटी. "काही बायांना बरं पडतं ते. माझ्या मावशीला पडलं. माझ्या आईला नको व्हतं, एवढंच लिवायचं."

अपियोनं नको म्हटलं. ती म्हणाली, माझा नवरा अंगणातच आहे, मी दुसरा कशाला करू? भावकी चिडली. रीत मोडली तर चिरा येईल, असं सांगितलं. मराठीत चिरा म्हणजे घडीव दगड. त्यांच्यात चिरा म्हणजे रीत मोडल्यावर घराला लागणारी पीडा. तो शब्द तसाच ठेवावा की नाही यावर मी एक अख्खी दुपार घालवली आणि शेवटी 'पीडा' लिहिलं.

पावसाळ्यात अपियोची मधली मुलगी तापानं गेली. गाव म्हणालं, बघा. अपियो तरीही हलली नाही. तिनं मुलीला बापाशेजारी पुरलं आणि दुसऱ्या दिवशी शेतात गेली. प्रकरण तिथं संपतं.

हेच प्रकरण ओच्येंगला नको होतं.

मला याचं नवल वाटलं नाही. आम्ही बौद्ध. माझे वडील पिंपरीतल्या कारखान्यात फिटर होते. आमच्या समाजात माणसं स्वतःचं आयुष्य लिहायला लागली तेव्हा घराघरात हेच झालं. लिहिणाऱ्याचं कौतुक सभेत आणि भांडण घरी. बहिणीचं कशाला लिहिलंस, आईचं कशाला लिहिलंस. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले. पुन्हा ऐकायचा कंटाळा आला होता, एवढंच.

छापखान्याचे साळुंके रोज फोन करत होते. "ताई, प्लेट बनवायची का नाही ते सांगा. प्रकरण काढलं तर सगळी पानं हलतात. परत लावायला लागतील."

"थांबा जरा."

"किती?"

"माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि माझ्यासारखेच थकलेले वाटले.

अकिन्यीचा विचार एकदा असा व्हायचा की भाऊ गेला खड्ड्यात, छापूया. दुसऱ्या दिवशी ती म्हणायची, बाप गेल्यावर त्यानंच मला शिकवलं, विमानात त्यानंच बसवलं, त्याला दुखवून मी पोरीला कुठला वारसा देणार? दोन्ही खरं होतं. मी फक्त ऐकून घेत होते. अनुवादकानं घरच्या भांडणात पडायचं नसतं.

पण एक गोष्ट मला कंपनीतून माहीत होती. माणसाला 'वाच' म्हटलं की तो नाही म्हणतो. 'तपास' म्हटलं की बसतो. ओच्येंग तर शाळेचे हेडमास्तर.

"त्यांना सांग," मी अकिन्यीला म्हणाले, "की मराठीत काय छापलं जाणार आहे ते तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून आम्ही बॅक ट्रान्सलेशन करून दाखवतो. चूक निघाली तर तिथंच थांबवू."

बॅक ट्रान्सलेशन म्हणजे उलटा अनुवाद. मराठीत जे उतरलंय ते, मूळ न बघता, पुन्हा इंग्रजीत आणायचं आणि अर्थ तोच राहिलाय का ते बघायचं. धोक्याच्या सूचनांना आम्ही हे नेहमी करायचो. एकदा 'मशीन बंद झाल्यावर हात घाला' या वाक्याचं उलटून 'झाकण बंद झाल्यावर' असं आलं होतं. बंद म्हणजे थांबलेलं की मिटलेलं, या शब्दानं घोटाळा केला होता. कागदावर सापडला म्हणून बरं.

ओच्येंग तयार झाले. रविवारची वेळ ठरली.

मी नाशिक फाट्यावरून बस धरली. भोसरीपर्यंत उभी होते, पुढे बसायला मिळालं. मोशीच्या पुढे कंटेनर एकमेकांच्या मागे लागून उभे होते, रविवार असूनही. कुरुळीला उतरले तेव्हा पाठ धरली होती. अकिन्यीच्या घरी तिच्या सासूबाई, सखूबाई, खाली बसून लसूण सोलत होत्या. मराठी प्रत त्यांनी आधीच वाचली होती. मॅन्युअल तयार झालं की आम्ही ते आधी मशीनवरच्या ऑपरेटरला वाचायला द्यायचो, तसं मीच त्यांना द्यायला सांगितलं होतं. कुठं अडलं का, असं मी विचारलं.

"न्हाई अडलं," त्या म्हणाल्या. "बाई खमकी हाय." आणि लसूण सोलत राहिल्या. प्रवीण अनयाला घेऊन बाहेर गेला होता.

फोन टेबलावर डब्याला टेकवून उभा केला. ओच्येंग पडद्यावर आले. पांढरा शर्ट, चष्मा, मागे भिंतीवर कॅलेंडर. ते इंग्रजीत बोलत होते, मी इथं मराठीत देते.

"मॅडम, तुमच्या मेहनतीचा मी आदर करतो. पण हे प्रकरण छापलं जाणार नाही."

"नका छापू," मी म्हणाले. "मी फक्त वाचते. चूक असेल तिथं मला थांबवा."

मी मराठी पान समोर धरून एकेक वाक्य इंग्रजीत सांगायला लागले. सुरुवातीला ते तपासणीसासारखे होते. पावसाळा म्हणजे तिकडच्या दोनांतला कुठला, लांबणारा की थोडका? छप्पर गवताचं होतं, पत्र्याचं नाही. मी खुणा करत गेले. अपियो नको म्हणते ते आलं. भावकी आली. पीडा आली. 'पीडा' या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं आणि चिरा असंच ठेवा म्हणाले. मग मधल्या मुलीचा ताप आला. इथून त्यांनी विचारणं बंद केलं. मी पुढे वाचत गेले. बापाशेजारी पुरलं. दुसऱ्या दिवशी शेतात गेली.

"संपलं," मी म्हणाले.

"पुढे?"

"पुढे सहावं प्रकरण. माशांच्या बाजाराचं."

"नाही, मधलं," ते म्हणाले. "तुम्ही मधलं गाळलंत."

मी पान उलटून बघितलं. "काही गाळलेलं नाही."

"अकिन्यी, तू गाळलंस?"

"मी कशाला गाळू? आई जे बोलली ते सगळं लिहिलं."

नेटवर्क गेलं असं वाटून अकिन्यीनं फोन हलवला. मग ते बोलायला लागले, माझ्याशी नाही, बहिणीशी. पण इंग्रजीतच बोलत राहिले, म्हणून मला कळलं.

बहिणीला पुरून आत आल्यावर ते आईला म्हणाले होते, तुझ्यामुळे गेली. गावासमोर नाही, भावकीसमोर नाही, घरात. तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. नुसतं एकदा म्हणून थांबले नाहीत. पुढे कित्येक महिने आईनं वाढलेलं जेवण घेतलं नाही, काकांकडे जाऊन जेवले. अकिन्यी तेव्हा अंगावर पिणारी होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मला वाटलं, तिनं हे तुला सांगितलं असणार," ते म्हणाले. "मला वाटलं, पाचवं प्रकरण म्हणजे तेच."

अकिन्यी तोंडावर हात ठेवून बसली होती. सखूबाईंनी लसणाची पाटी बाजूला सारली. "काय म्हनतोय त्यो?" त्यांनी विचारलं. अकिन्यीनं तुटक तुटक सांगितलं.

"पोरगं व्हतं त्ये," सखूबाई म्हणाल्या. "लोकं बोलत्यात त्येच पोरगं बोलतंय. त्येला कुठनं आक्कल असनार? सांग त्येला."

अकिन्यीनं सांगितलं. तिच्या भाषेत, इंग्रजीत नाही. म्हणून तिनं नेमके कोणते शब्द वापरले ते मला माहीत नाही. ओच्येंगनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ परत घातला नाही.

मग ते जे बोलले त्यानं माझं काम आणखी वाढलं.

"प्रकरण छापा," ते म्हणाले. "पण हे त्यात घाला. मी काय म्हणालो ते. तिनं एकटीनं कशाला झाकायचं?"

आता बोलणं भाग होतं. "सर, मूळ सांगण्यात नाही ते मला घालता येत नाही. पुस्तक त्यांचं आहे. त्यांनी सांगितलं तर घालीन."

"मी तिचा मुलगा आहे."

"हो. पण सांगणाऱ्या त्या आहेत."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. हेडमास्तरला नियम सांगितला की तो मानतो, हेही मला तेव्हा कळलं.

आईला विचारायचं ठरलं. विचारणार कोण, यावर बहीण-भाऊ पुन्हा अडले. शेवटी ओच्येंग म्हणाले, मीच विचारतो. ते दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून गावी गेले आणि आईच्या पुढ्यात बसून विचारलं. इतक्या वर्षांत त्या दोघांत हा विषय पहिल्यांदा निघाला, असं अकिन्यीनं मला नंतर सांगितलं.

अपियोचा आवाजी मेसेज आला तो अकिन्यीनं मला लंच टाइमला कंपनीतून फोन करून सांगितला. मागे कॅन्टीनच्या ताटांचा आवाज येत होता. ती एकेक वाक्य सांगत होती आणि मी लिहून घेत होते.

अपियो म्हणाली होती, मला आठवतं. त्या दिवशी त्यानं मोठ्या माणसांबरोबर खड्डा खणला होता. हाताला फोड आले होते. असा पोरगा काहीही बोलतो. मी माझं होतं ते सांगितलं. हे माझं नाही, त्याचं आहे. माझ्या तोंडून ते येणार नाही. त्याला सांगायचं असेल तर त्यानं सांगावं, आणि माझ्या सांगण्याच्या खाली सांगावं, मधे नाही.

"खाली म्हंजी?" मी अकिन्यीच्याच कुरुळीच्या बोलीत विचारलं.

"पाचवं संपलं की त्याच्यानंतर. त्याचं नाव घालून."

मी साळुंक्यांना फोन केला. प्रकरण राहतंय, पण एक पान वाढतंय.

"कधी येणार पान?"

"लिहिणारा हेडमास्तर आहे. येईल."

आलं नाही. आठवडे गेले. ओच्येंग लिहायचे आणि खोडायचे. पहिला खर्डा आला त्यात लुओ समाजातल्या रूढींवर भाषण होतं. मी परत पाठवला. खाली लिहिलं की यात तुम्ही कुठे आहात? त्यांना राग आला असावा, कारण मधे काही दिवस सगळं शांत होतं. मीही पाठपुरावा केला नाही. दुसरी कामं होती. एका प्रेस मशीनचं मॅन्युअल आलं होतं आणि त्यातल्या आकृत्या इतक्या बारीक होत्या की संध्याकाळी मला माणसांचे चेहरेही रेषारेषांचे दिसायचे.

मग एक दिवस पान आलं. पूर्ण पानही नव्हतं, जेमतेम अर्धं. त्यात त्यांनी काकाच्या घरचं जेवण लिहिलं होतं. काकू वाढायची, पण तिची स्वतःची पोरं आधी जेवायची. रात्री तो मुलगा घरी परत यायचा तेव्हा दाराशी झाकलेलं भांडं असायचं. तो ते ओलांडून आत जायचा. सकाळी भांडं उचललेलं असायचं. आई काही बोलायची नाही आणि दुसऱ्या रात्री पुन्हा झाकून ठेवायची. मी तिला म्हणालो की तुझ्यामुळे गेली, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि पुढच्या ओळीत, ते खरं नव्हतं. माफी वगैरे शब्द कुठेच नव्हता. मीही घातला नाही.

ते पान मराठीत आणायला मला वेळ लागला नाही. वाक्यं सरळ होती. फक्त शेवटच्या ओळीशी मी थांबले. इंग्रजीत एकच साधं वाक्य होतं. मराठीत 'ते खोटं होतं' असंही होतं आणि 'ते खरं नव्हतं' असंही. खोटं म्हटलं की मुलानं मुद्दाम केलं असं वाटतं. म्हणून मी 'खरं नव्हतं' ठेवलं.

पुस्तक छापून झालं. पानं परत लावावी लागली. साळुंके त्याबद्दल कुरकुरले. थोड्या प्रती कुरुळीत, बाकीच्या केनियाला जाणाऱ्या एका सहकाऱ्याच्या बॅगेतून रवाना झाल्या. अपियोला मराठी वाचता येत नाही, ओच्येंगनाही नाही. तरी ते गावात पुस्तक दाखवतात म्हणे. आता त्यांना ते त्यांच्या भाषेत हवं आहे. अकिन्यी शनिवारी-रविवारी बसून करते. तिचं वाचून, सहाव्या प्रकरणात माशांबद्दल तीन चुका आहेत, असं ओच्येंगनी मला लांबलचक ईमेल करून कळवलंय. त्या दुरुस्त करायला मी अजून बसलेले नाही.

मी पुढेही अशी घरच्यांची पुस्तकं घेतली. प्रत्येकात कोणीतरी म्हणतंच, एवढं काढून टाका. पूर्वी मी विचारायचे, का? त्यावर फक्त वाद व्हायचा. आता मी विचारते, त्यात काय लिहिलंय असं तुम्हाला वाटतं? मग माणूस सांगायला लागतो. तो जे सांगतो ते पुस्तकात बहुधा नसतं. पान मात्र दर वेळी वाढतं.